माशांआधी जीवाणू: ठाणे-नवी मुंबईच्या नळाच्या पाण्यावर पहिला फिशटँक

शनिवारी संध्याकाळी फिशटँकच्या कुठल्याही दुकानात जाऊन उभे राहा, एक ठरलेला सौदा पाहायला मिळेल. दोन फुटी काच, वर दिव्याचं झाकण, निळे-गुलाबी खडे, प्लॅस्टिकचं झाड, बुडबुडे सोडणारा पेटारा आणि त्याच बिलात सहा गोल्डफिश. "घरी जाऊन पाणी भरा, दोन थेंब निळं औषध टाका, अर्ध्या तासाने मासे सोडा." पुढच्या शनिवारी तेच गिऱ्हाईक परत येतं आणि नवे मासे घेऊन जातं. दरवेळी दुकानदार लबाड असतो असं नाही. महिनाभर रिकामा टँक बघत बसा असं सांगितलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, हे त्याला ठाऊक असतं.

ज्यांची महिना-दीड महिना थांबायची तयारी आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लहान मुलं घरात असतील तर त्यांनाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवसापासून "मासे कधी?" सुरू होतं.

मासे मरतात कशाने

मासा शरीरातला बहुतेक अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. तळाशी पडलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तलावात तो पसरून जातो, पण तुमच्याकडे पाणी असतं चाळीस-पंचेचाळीस लिटर. अमोनिया साचला की कल्ले जळतात, मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करत राहतो आणि काही दिवसांत जातो. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसत असतं, म्हणून कुणाला पाण्याचा संशय येत नाही.

याचा बंदोबस्त दोन गटांतले जीवाणू करतात. नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाऊबंद अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, ते रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं, त्यामुळे पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मग नायट्रोस्पायरासारखे जीवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही साखळी उभी राहिली की टँक 'सायकल' झाला म्हणतात.

हे जीवाणू पाण्यात फारसे नसतात. फिल्टरचा स्पंज, खडे, दगड, काच अशा पृष्ठभागांना चिकटून ते राहतात, आणि वाढतात अतिशय सावकाश. दुप्पट व्हायला त्यांना साधारण एक दिवस लागतो. खायला अमोनिया नसेल तर वाढतच नाहीत. म्हणून "पंधरा दिवस नुसता टँक चालू ठेवा, पाणी मुरू द्या" या सल्ल्याला अर्थ नाही. पंधरा दिवस उपाशी ठेवलेल्या टँकमध्ये सोळाव्या दिवशीही जीवाणू नसतात.

टँक, जागा, वजन

दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक घ्या. हिशेबाने ५६ लिटर, पण खडे घालून आणि वरची दोन बोटं रिकामी सोडून ४५ लिटरच्या आसपास पाणी बसतं. यापेक्षा लहान काच नवशिक्यांना सोपी वाटते, प्रत्यक्षात ती अवघड असते, कारण पाणी कमी असलं की प्रत्येक चूक लवकर विषारी होते. गोल बाउल तर विसराच.

पाणी, खडे आणि काच धरून हा टँक ७०-८० किलोंवर जातो. फ्लॅटच्या स्लॅबला त्याचं काही नाही, पण टीव्ही युनिटच्या प्लायला आहे. लोखंडी स्टँड किंवा भक्कम टेबल घ्या, त्यावर थर्माकोलची शीट टाका आणि गवंड्याची पाणसळ लावून पातळी बघा. एक कोपरा उंच राहिला तर काचेच्या जोडावर ताण येतो. फिल्टर, पंप, खडे काहीही घालण्याआधी बाथरूममध्ये किंवा गॅलरीत टँक काठोकाठ भरून एक रात्र ठेवा. गळती असेल तर ती तिथेच कळलेली बरी.

कायमची जागा मात्र गॅलरीत नको. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिलच्या दुपारी पाणी तापतं आणि ऊन लागलं की आठवड्यात हिरवं होतं. हॉलची आतली भिंत उत्तम. वायर थेट प्लगकडे ताणू नका. आधी प्लगच्या खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरत नाही.

फिल्टर

पहिल्या टँकला स्पंज फिल्टर आणि त्यासोबत एअर पंप. दिसायला ओबडधोबड, किमतीला स्वस्त, आणि जीवाणूंना राहायला यापेक्षा चांगली जागा नाही. त्या मोटारीवर चालणाऱ्या, आत उभ्या लावायच्या फिल्टरपेक्षा मी कधीही स्पंजच्या बाजूने आहे. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. तो नसेल तर वीज गेल्यावर टँकमधलं पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून एक्सटेन्शन बोर्डावर येऊ शकतं. वीस-तीस रुपयांची ती प्लॅस्टिकची चकती विसरू नका.

वीज देखभालीसाठी अर्धा दिवस बंद राहणं आपल्याकडे नवं नाही. जीवाणूंनाही प्राणवायू लागतो, आणि ३० अंशांच्या गोड्या पाण्यात मुळातच तो कमी मावतो. लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅम, २० अंशांना नऊच्या वर. यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप आणि पॉवर बँक एवढं घरात असू द्या. घरी इन्व्हर्टर असेल तर पंप त्याच्या लाइनवर घ्या, तो दोन-चार वॉटच खातो.

हीटर लागत नाही. या जीवाणूंना २५ ते ३० अंश तापमान मानवतं आणि आपल्या घरात वर्षातले बहुतेक महिने पाणी तेवढंच असतं. थंड प्रदेशातले शौकीन यासाठी वीजबिल भरतात. मे महिन्यात पाणी ३२ च्या वर गेलं तर झाकण उघडून पृष्ठभागावर टेबलफॅनचा वारा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. उडालेलं पाणी तेवढं भरत राहायचं.

रेती आणि दगड

इमारतीच्या कामावरून रेती उचलून आणायचा मोह होतो. खाडीतून काढलेली रेती असेल तर तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. हल्ली बांधकामाला वापरतात ती दगड फोडून केलेली क्रश सँड धारदार असते, तळाशी फिरणाऱ्या माशांच्या मिशा घासल्या जातात. दुकानातून साधे, न रंगवलेले दोन-तीन मिलिमीटरचे नदीचे खडे घ्या. दोन फुटी टँकला सहा-सात किलो पुरतात. बादलीत घालून हाताने ढवळत पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. वेळ लागतो, आणि साबण अजिबात लावायचा नाही.

दगड हवेत तर काळा पाषाण चांगला, तो पाण्यात काही सोडत नाही. पण येऊरच्या ओढ्यातून उचलून आणू नका, तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो. दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा. फेस आला तर तो चुनखडीचा, पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचा आकडा, वर नेणारा.

जिवंत झाडं लावाच. जावा फर्न आणि अनुबियास दगडाला दोऱ्याने बांधले तरी जगतात, त्यांना जास्त उजेड लागत नाही. आणि गॅलरीतला मनी प्लांट! त्याची एक फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी टँकच्या काठावर अडकवा. नायट्रेट शोषण्यात हिचा हात कुणी धरत नाही.

आपलं पाणी

बाहेरचे व्हिडिओ बघून टँक लावणारे इथे अडतात, म्हणून जरा थांबतो.

नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणाचं, खारघर-उलव्याकडे हेटवण्याचंही येतं. ठाण्याला भातसा, उल्हास आणि बारवी या बाजूंचं पाणी मिळतं. हे सगळं सह्याद्रीच्या काळ्या खडकावर पडलेल्या पावसाचं पाणी, त्यामुळे ते मऊ असतं. त्यात विरघळलेले क्षार थोडे. प्यायला आणि डाळ शिजायला उत्तम, पण पीएच सावरून धरणारा भाग, ज्याला टँकवाले केएच म्हणतात, तोही कमी. याचा फटका कुठे बसतो ते पुढे येईलच.

उन्हाळ्यात घोडबंदर रोडवरच्या अनेक सोसायट्यांना टँकर लागतो, काही ठिकाणी बोअरवेलचं पाणी मिसळतात. ते जड असतं. आरओवाल्याकडे असतो तसा, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, तो घ्या. नळाचं पाणी एरवी किती दाखवतं ते लिहून ठेवा. एखाद्या दिवशी आकडा दुपटी-तिपटीने वाढलेला दिसला तर टँकर आला असं समजा आणि त्या दिवशी पाणी बदलू नका.

आरओचं पाणी माशांना अधिक चांगलं, असा एक समज आहे. त्यात क्षार जवळजवळ नसतातच, केएच शून्याकडे. नुसत्या आरओवर टँक चालवू नका.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, असायलाच हवा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक नळापाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर शिल्लक क्लोरीन धरतं. तो जंतू मारतो, तसा तुमचे जीवाणूही मारतो आणि माशांचे कल्लेही जाळतो. उपाय सोपा आहे. बादलीत पाणी भरून आत एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून चोवीस तास ठेवा, किंवा दुकानातलं अँटिक्लोरीन वापरा. ते बहुधा सोडियम थायोसल्फेटच असतं. बाटलीवरचं प्रमाण पाळा. सोसायटीत 'टाकी धुणार' अशी नोटीस लागली की पुढचे दोन-तीन दिवस पाणी बदलायचं नाही, कारण धुण्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरतात आणि तिचं प्रमाण कुणी मोजलेलं नसतं. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीनही जास्त असू शकतो, त्या दिवसांत अँटिक्लोरीन हाताशी असू द्या.

आता सायकल

टँक जागेवर, खडे आत, पाणी भरलेलं, क्लोरीन गेलेला, स्पंज बुडबुडतोय. मासे नाहीत. आता जीवाणूंना जेवण द्यायचं.

त्याआधी एक खरेदी, आणि ती टाळू नका: थेंबांचा टेस्ट किट. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच. एपीआय कंपनीचा मास्टर किट सगळीकडे चालतो, कधीकधी काचेपेक्षा महाग पडतो, पण एका किटमध्ये दोन-तीन घरांचं भागतं, तेव्हा वर्गणी काढा. कागदी पट्ट्या स्वस्त असतात, पण पुष्कळशा पट्ट्यांवर अमोनिया नसतोच, आणि आपल्याला तर तोच हवा. एपीआयची नायट्रेट तपासणी करताना दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते आणि नंतर नळी पूर्ण एक मिनिट. हे न केल्यामुळे नायट्रेट शून्य दिसतं आणि लोक महिनाभर चुकीच्या चिंतेत राहतात.

जेवण देण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला स्वयंपाकघरातला. रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टँकमध्ये टाकायचं, किंवा सोललेली एक कच्ची कोळंबी जुन्या मोज्यात बांधून आत सोडायची. ती कुजते, अमोनिया होतो. काम होतं, पण किती अमोनिया होतोय ते आपल्या हातात राहत नाही, पाणी गढुळतं, आणि चौथ्या दिवशी हॉलला बंदराचा वास येतो. घरात मासे खाणारे नसतील तर हा मार्ग घरात राहूच देणार नाहीत.

दुसरा मोजून-मापून, आणि मी तोच सुचवीन: शुद्ध अमोनियम क्लोराईड. कल्हईवाले वापरत तो नवसागर म्हणजे हेच, पण बाजारी नवसागरात आणखी काय आहे ते सांगता येत नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. १० ग्रॅम पावडर अर्धा लिटर पाण्यात विरघळवा. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. या द्रावणाचे ३ मिलि दर १० लिटर पाण्यामागे घातले की अमोनिया साधारण २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम होतो. आपल्या ४५ लिटरच्या टँकला १४ मिलि. औषधाच्या सिरिंजने मोजा. लगेच टेस्ट करून खात्री करून घ्या. घाई म्हणून दुप्पट घालू नका, अमोनिया फार चढला तर जीवाणूंनाच तो जाचतो.

यापुढे एका वहीत तारीख, अमोनिया, नायट्राइट, पीएच. दोन दिवसांनी एकदा टेस्ट पुरते.

पहिला आठवडा काहीच होत नाही. अमोनिया २ वरच. मधेच पाणी दुधाळ होईल, ते वेगळ्याच जीवाणूंचं काम असतं, आपोआप निवळतं, त्यासाठी पाणी बदलू नका. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास नायट्राइटच्या नळीत पहिली जांभळट छटा दिसते आणि अमोनिया उतरू लागतो. अमोनिया पाऊण-एकच्या खाली आला की पुन्हा २ पर्यंत भरा. मग नायट्राइट चढत जातं, नळी गडद जांभळी होऊन तिथेच अडकते. हा टप्पा सगळ्यात लांब आणि सगळ्यात कंटाळवाणा. दोन आठवडे तो आकडा हलत नाही. या दिवसांत अमोनियाची मात्रा निम्मी करा, म्हणजे नायट्राइटचा डोंगर उगाच वाढत नाही. नायट्राइट खाणारे जीवाणू उशिरा येतात एवढंच. आणि एके दिवशी, बहुधा चौथ्या-पाचव्या आठवड्यात, नळी अचानक फिकट निळी निघते. तुमची टेस्ट चुकली असं वाटून तुम्ही ती परत कराल.

जवळ कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर हा सगळा काळ निम्म्याहून कमी होतो. त्याच्या चालू फिल्टरमधला स्पंजचा तुकडा, किंवा निदान पिळलेलं ते काळपट पाणी मागा. विरजणासारखंच आहे, चमचाभर चांगलं मिळालं की पातेलं लागतं. तुकडा ओला ठेवून त्याच टँकच्या पाण्यात आणा, आणि घरी आल्याआल्या आपल्या स्पंजला खेटून बसवा. ठाण्याहून वाशीला आणायला काही हरकत नाही, फक्त वाटेत गाडीत उन्हात ठेवू नका. ज्याच्या टँकमध्ये नुकतेच मासे मेलेत त्याच्याकडून मात्र घेऊ नका, रोगही सोबत येतो. बाटलीत किंवा पुडीत मिळणाऱ्या जीवाणूंवर माझा फारसा भरवसा नाही. कधी चालतात, कधी नाही, आणि उन्हाळाभर दुकानाच्या फळीवर तापलेली बाटली असेल तर आणखीच नाही. घातलेत तरी टेस्ट चुकवू नका.

गाडी अडली तर

तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरायचा थांबला, नायट्राइटही हलेना. पुष्कळजण इथे कंटाळून मासे आणतात. त्याआधी पीएच बघा.

अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं, आणि ते पाण्यातला केएच खात जातं. दर १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता (केएच मोजतो तीच) खर्ची पडते. म्हणजे २ पीपीएमचा एक डोस पचला की लिटरमागे ११-१२ मिलिग्रॅम गेली. जड पाण्याच्या गावांत हे जाणवतही नाही. आपल्या धरणाच्या मऊ पाण्यात असे चार-पाच डोस झाले की गंगाजळी संपते, पीएच धाडकन सहाच्या खाली येतो आणि जीवाणू काम थांबवतात. ते मेलेले नसतात.

उपाय: पाव चमचा खाण्याचा सोडा कपभर पाण्यात विरघळवून टँकमध्ये घाला. ४५ लिटरला पाव चमच्याने केएच साधारण एक अंशाने वाढतो. दुसऱ्या दिवशी पीएच बघा, सातच्या खाली असेल तर पुन्हा पाव चमचा. मासे नसताना हे बिनधास्त करता येतं. धुण्याचा सोडा वेगळा, तो नको. कायमचा आणि सावकाश चालणारा इलाज म्हणजे तिसऱ्यांच्या शिंपल्या. आमटी झाल्यावर दहा-बारा शिंपल्या घासून, उकळून, उन्हात वाळवा आणि जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरशेजारी ठेवा. पाणी आम्लाकडे झुकलं की त्या थोड्या थोड्या विरघळतात, नाहीतर नुसत्या पडून राहतात.

अडण्याचं दुसरं कारण म्हणजे तेच निळं औषध. मिथिलीन ब्लू बुरशीवर उपयोगी आहे, पण ते फिल्टरमधल्या जीवाणूंनाही मारतं आणि काचेच्या जोडातलं सिलिकॉन कायमचं निळं करतं. टँकमध्ये मासाच नाही तर औषध कुणाला देताय?

झालं, हे कसं ओळखायचं

कॅलेंडर बघून नाही. संध्याकाळी अमोनिया २ पर्यंत भरा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी टेस्ट करा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट वाढलेलं असेल तर टँक तयार. एकदा जमलं की आणखी एका रात्री हाच प्रयोग करा. दोन्ही वेळा शून्य आलं तर मग ७०-८० टक्के पाणी बदला, नायट्रेट २०-३० च्या खाली आणा. मासे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यायला हवेत. लांबणार असतील तर तोवर जीवाणूंना रोज थोडा अमोनिया चालू ठेवा.

अमोनियाबद्दल एक आकडा लक्षात असू द्या. टेस्ट दाखवते तो सगळाच अमोनिया सारखा विषारी नसतो. ३० अंश तापमानाला पीएच ७ असेल तर त्यातला एक टक्काही विषारी रूपात नसतो; पीएच ८ झाला की तो साडेसात टक्क्यांवर जातो. म्हणून टँकमध्ये मासे आल्यावर अमोनिया दिसत असताना सोडा घालून पीएच वर नेऊ नका. आधी पाणी बदला.

आणि मग मासे

कुर्ल्याची आणि क्रॉफर्ड मार्केटची दुकानं मोठी आहेत, माल भरपूर. कुर्ल्याहून पिशवी घेऊन लोकलने येणार असाल, मध्य मार्गाने ठाण्याला किंवा हार्बरने वाशीला, तर गर्दीची वेळ टाळा. घराजवळच्या लहान दुकानाचा फायदा असा की त्याचे मासे बहुधा तुमच्यासारख्याच पाण्यात रुळलेले असतात. ज्या टाकीत एखादा मासा मेलेला किंवा एका बाजूला कलून पडलेला दिसतो तिच्यातला एकही घेऊ नका, बाकीचे कितीही तरतरीत दिसोत.

४५ लिटरमध्ये सहा-सात नर गप्पी. किंवा सहा झेब्रा डॅनिओ. हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आपलाच मासा, दणकट आणि कायम धावत असलेला. किंवा एकटा बेटा, म्हणजे फायटर मासा. यांपैकी एकच पर्याय, तिन्ही नव्हे. गप्पीमध्ये माद्या घेतल्यात तर महिन्या-महिन्याने पिल्लं होतात आणि ती वाटायला नातेवाईक कमी पडतात. डासांच्या अळ्या खातात म्हणून महापालिकाही साचलेल्या पाण्यात गप्पी सोडतात, त्यावरून हा मासा किती सोसतो ते कळावं. मऊ पाण्यात मॉली तितकीशी रमत नाही, तिला जड पाणी लागतं. निऑन टेट्राला दोन-तीन महिने जुना टँक द्या.

वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा अशी नऊ गोल्डफिशची मागणी घरातून येईल. श्रद्धेबद्दल मी बोलत नाही, पण गोल्डफिश वीतभर वाढतो, घाण भरपूर करतो आणि त्याला थंड पाणी लागतं. दोन फुटांत नऊ म्हणजे नवांचेही हाल. 'शार्क' म्हणून विकतात तो चंदेरी पंगॅशिअस मोठा होऊन मीटरभर होतो. 'काच साफ करणारा' सकर मासाही फूट-दीड फूट वाढतो. मग तो रात्री मासुंदा तलावात किंवा उपवनला सोडला जातो, आणि हा दक्षिण अमेरिकेतला चिवट मासा देशातल्या कित्येक तलावांत आज स्थानिक माशांच्या जागा बळकावून बसला आहे. नको झालेला मासा दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या शौकिनाला द्या, तलावात नाही.

घरी आल्यावर दिवा बंद. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग ती उघडून दर पाच मिनिटांनी टँकचं कपभर पाणी आत घाला. अर्ध्या तासाने जाळीने मासे उचलून सोडा आणि दुकानाचं पाणी मोरीत ओता. त्या दिवशी खायला काही नाही.

पहिले दोन आठवडे दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट बघा. पाव पीपीएम जरी दिसलं तरी तिसरा हिस्सा पाणी बदला. पुढे आठवड्याला २०-२५ टक्के. स्पंज महिन्यातून एकदा, टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळायचा. नळाखाली धरला की क्लोरीनने पाच आठवड्यांची मेहनत पाच मिनिटांत जाते. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. घरात चार माणसं असली की चौघंही "मी नव्हतं घातलं" म्हणून घालतात. डब्याशेजारी कागद लावा आणि घातलं की खूण करा.

गणपतीला गावी आठवडाभर जाणार असाल तर निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला, दिव्याला टायमर लावा आणि मासे उपाशी ठेवून जा. तब्येतीने बरा असलेला मोठा मासा आठवडा सहज काढतो. दहा-बारा दिवस लागणार असतील आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यायचीच असेल, तर खाण्याच्या चिमटीएवढ्या तीन पुड्या बांधून त्यांवर वार लिहून ठेवा, आणि खाण्याचा डबा कपाटात बंद करून जा.